खिळे गेले, परवाना आला

डोंबिवली पूर्वेला माझे अक्षरजुळणीचे एक लहानसे दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, पाडव्याच्या स्वागतयात्रेची पत्रके, स्मरणिका आणि वर्षाकाठी दोन-चार पुस्तके, असा त्याचा संसार. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता कल्याणचे एक गृहस्थ दुकानात आले. त्यांचे वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या कल्याणच्या आठवणी लिहून काढल्या, आणि त्या पुस्तकाची जुळणी २००२ साली मीच केली होती. पुस्तक छापून झाल्यावरही गुरुजी स्वस्थ बसले नाहीत. चुका दुरुस्त करीत राहिले. २००५ साली माझ्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी एक नवे प्रकरण तोंडी सांगितले व मी ते थेट संगणकावर उतरवून घेतले. दुसऱ्या आवृत्तीत ते घालावयाचे होते. ती आवृत्ती निघण्याआधीच गुरुजी गेले. आता त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने मुलाला ती काढावयाची होती.

"बाबांचे ते शेवटचे प्रकरण तुमच्याकडे आहे ना?" त्यांनी विचारले. मी मोठ्या आत्मविश्वासाने कपाटातून सीडी काढली. सीडी वाचली गेली. फाइलही जागेवर होती. उघडली मात्र, आणि पाहतो तो पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे, कंस आणि रिकामे चौकोन यांची नुसती रांगोळी पसरलेली.

मग धावपळ सुरू झाली. ज्या सॉफ्टवेअरवर हे काम झाले होते त्याची मूळ सीडी मी जपून ठेवली होती. पण नव्या संगणकाने ती स्वीकारली नाही. त्या सॉफ्टवेअरला एक कुलूप असे. आम्ही त्याला 'लॉक' किंवा 'डोंगल' म्हणतो. ते संगणकाच्या पाठीमागे पंचवीस छिद्रांच्या जागेत बसवावे लागे. कुलूप माझ्या ड्रॉवरमध्ये होते. नव्या संगणकाला ती पंचवीस छिद्रांची जागाच नव्हती. विक्रेत्याला फोन केला. "ती आवृत्ती कधीच बंद झाली, नवी घ्या," असे उत्तर आले. नवी घेतली तर जुनी फाइल उघडेल का, या प्रश्नाला उत्तर आले नाही. डोंबिवलीहून लोकल पकडून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोड पालथा घातला. पण हाती काही लागले नाही.

ही माझी एकट्याची रडकथा असती तर या व्यासपीठावरून ती सांगण्याचे कारण नव्हते. परंतु ठाण्यापासून कल्याणपर्यंत असा अनुभव न आलेला फोटोग्राफर, फ्लेक्स छापणारा, व्हिडिओ जुळवणारा, जाहिराती काढणारा सापडणे कठीण. महागडे सॉफ्टवेअर घ्यावे, ते संगणकावर चढता चढत नाही म्हणून दोन दिवस घालवावेत, चढले की जुनी कामे उघडत नाहीत म्हणून कपाळाला हात लावावा. आणि प्रत्येकाला वाटते की आपल्यालाच यातले कळत नाही, आपलेच काहीतरी चुकले. आज मला एवढेच सांगावयाचे आहे की चूक बहुतेक वेळा आपल्या हातांची नसते, आपल्या समजुतीची असते. आपण समजतो की आपण वस्तू विकत घेतली. वस्तुतः आपण काय घेतले, हे एकदा नीट कळले म्हणजे निम्मा त्रास टळतो आणि उरलेल्या निम्म्याची तयारी करता येते.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. आपल्या ठाण्यात १८६६ साली 'अरुणोदय' पत्र निघाले. पुढे या धंद्याच्या पायाशी मुख्यतः एकच वस्तू राहिली : शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा खिळा. छापखानेवाला खिळे वजनावर विकत घेई. एकदा घेतले की ते त्याचे. ते त्याने दिवसा वापरावेत, रात्री वापरावेत, वाटल्यास दुसऱ्या छापखान्याला उसने द्यावेत. ओतशाळेच्या मालकाला त्याचे सोयरसुतक नसे. ओतशाळा बंद पडली तरी खिळे छापीतच राहत. झिजून निकामी झाले तरी ते वितळवून धातूची किंमत येई. या व्यवस्थेत कष्ट पुष्कळ होते, धूळ होती, शिशाचे विष होते. तिचा गौरव मी करीत नाही. परंतु मालकी कोणाची, याविषयी तिथे संदेह नव्हता.

सॉफ्टवेअरची गोष्ट मुळातच निराळी आहे, आणि ती समजण्यास आपण ठाण्या-डोंबिवलीची माणसे इतर कोणाहूनही अधिक लायक आहोत. कारण 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. अकरा महिन्यांचा करार होतो, अनामत दिली जाते, आपण बिऱ्हाड थाटतो, दारावर पाटी लावतो. पण घर आपले होत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात 'लायसन्स' शब्दाची व्याख्या आहे. तिचा सरळ अर्थ असा की, जी गोष्ट एरवी बेकायदा ठरली असती ती दुसऱ्याच्या जागेत करण्याची मुभा. त्या जागेत हितसंबंध मात्र कोणताही मिळत नाही.

आता पाहा, सॉफ्टवेअरच्या खोक्यावर आणि संगणकाच्या पडद्यावर जो शब्द असतो तो हाच : लायसन्स. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणकाचा प्रोग्रॅम हा 'वाङ्मयीन कृती' या सदरात घातला आहे. म्हणजे कथा-कादंबरीप्रमाणेच त्याची प्रत काढण्याचा अधिकार कर्त्याचा. परंतु प्रोग्रॅम चालवावयाचा म्हटले की तो आधी आपल्या यंत्रात उतरवून घ्यावा लागतो, म्हणजे त्याची प्रत काढावीच लागते. ती काढण्याची मुभा म्हणजे हा परवाना. आपण हजारो रुपये मोजतो ते या मुभेचे. मुभा किती यंत्रांवर, किती काळ आणि कोणत्या अटींवर, हे 'आय ॲग्री' या बटणाच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. घराचा करार आपण दोन साक्षीदारांसमोर वाचून घेतो. हा करार मात्र वाचल्याशिवाय मान्य करतो.

परवान्याचा पहिला परिणाम म्हणजे कुलूप. परवानेदार अटी पाळतो की नाही हे पाहण्यास मालकाला काही साधन हवे. आधी ते साधन म्हणजे खोक्यातला लांबलचक अनुक्रमांक असे. मग आमच्या धंद्यातले डोंगल आले. नंतर 'ॲक्टिव्हेशन' आले, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाला विचारावयाचे की, या यंत्रावर मला चालू का? होकार आला तरच प्रोग्रॅम उघडतो. इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपले काम चालू राहणे आता आपल्या यंत्रावरच नव्हे, तर सातासमुद्रापलीकडच्या एका यंत्रावरही अवलंबून झाले. ते यंत्र कायम चालू ठेवण्याचे वचन कोणी दिलेले नसते. ॲडोबी कंपनीने २००५ साली विकलेल्या 'क्रिएटिव्ह सूट २' या संचाचे ॲक्टिव्हेशन करणारे यंत्र २०१३ च्या आरंभी बंद केले. जुन्या गिऱ्हाइकांसाठी तिने ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत उपलब्ध करून दिली, हे तिच्या श्रेयात जमा केले पाहिजे. पण ती देणे न देणे कंपनीच्या मर्जीवर होते, ही गोष्ट उरतेच.

आता 'इन्स्टॉल' करणे म्हणजे काय आणि ते इतके वेळा का फसते, हे पाहू. पुष्कळांची समजूत अशी की सॉफ्टवेअर म्हणजे एक वस्तू; ती संगणकात ठेवली की झाले. वास्तविक ते नव्या सोसायटीत बिऱ्हाड हलवण्यासारखे आहे. सामान पोचले एवढ्याने भागत नाही. सोसायटीची परवानगी लागते, विजेचे मीटर, पाण्याची जोडणी, गॅसची नोंद, हे सारे जागच्या जागी लागते. संगणकातील सोसायटी म्हणजे विंडोज किंवा मॅकची कार्यप्रणाली. नवा प्रोग्रॅम आपली हजारो लहानमोठी अंगे निरनिराळ्या ठिकाणी नेऊन ठेवतो, कार्यप्रणालीच्या नोंदवहीत आपली नावे घालतो आणि छपाईयंत्र, पडदा, फॉन्ट यांच्याशी ओळख करून घेतो. जुन्या आवृत्तीच्या नोंदी नीट पुसल्या गेल्या नसतील तर नवा भाडेकरू आला तरी दारावर जुनीच पाटी, अशी गत होते. डिस्कवर जागा कमी असेल, डाउनलोड मध्येच तुटले असेल, विषाणुरोधकाने एखादे अंग संशयावरून अडवले असेल, तर काम शेवटच्या पायरीवर थांबते आणि पडद्यावर एक आकडा उमटतो. तो आकडा कंपनीच्या कारागिराला समजतो, आपल्याला नाही.

म्हणून सॉफ्टवेअर ही एकटी वस्तू नसून एक साखळी आहे, असे समजावे. यंत्र, कार्यप्रणाली, प्रोग्रॅम, फॉन्ट, कुलूप आणि आपली फाइल, अशा तिच्या सहा कड्या. या सहांचे मालक निरनिराळे, त्यांचे आयुष्य निरनिराळे. एक कडी बदलली की बाकीच्यांना ओढ बसते. विंडोजची ६४ बिटांची आवृत्ती आली तेव्हा १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालेनासे झाले. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला काही वर्षांपूर्वीचे, एरवी धडधाकट असलेले संगणक चालत नाहीत. म्हणजे कार्यप्रणालीसाठी यंत्र बदला, यंत्रासाठी प्रोग्रॅम बदला, प्रोग्रॅमसाठी फॉन्ट बदला. यालाच आपण 'अपग्रेड' म्हणतो. त्याचा खर्च पावतीवर दिसतो त्याच्या कितीतरी पट असतो.

साखळीतील एक जुनी कडी उदाहरण म्हणून घेऊ. नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या लहान छापखान्यांत घरोघर शिरलेला प्रोग्रॅम म्हणजे पेजमेकर. तो आल्डस कंपनीने १९८५ साली काढला. १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस कंपनी घेतली, १९९९ साली इनडिझाइन हा नवा प्रोग्रॅम आणला आणि पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ साली निघाली. पेजमेकरच्या अलीकडच्या फाइली इनडिझाइनमध्ये उघडत असत. पण ती सोय सीएस६ या २०१२ च्या आवृत्तीपर्यंतच होती. पुढच्या आवृत्त्यांत तो दरवाजा बंद झाला. म्हणजे पेजमेकरमधून बाहेर पडण्यास सुमारे बारा-तेरा वर्षांचा अवधी होता. ज्याला ही गोष्ट वेळेवर कळली त्याने फाइली पलीकडे नेल्या. ज्याला कळली नाही त्याच्या कपाटात सीड्यांचा ढीग राहिला.

इथवर सांगितलेला त्रास इंग्रजीत काम करणाऱ्यालाही आहे. मराठीचा त्रास याच्या वर आणखी एक मजला चढवतो, आणि गुरुजींचे प्रकरण अडकले ते त्या मजल्यावर.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अक्षरांना फक्त २५६ घरे असत आणि ती मुळात इंग्रजीसाठी आखलेली. आपल्या कंपन्यांनी त्याच घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले : अर्धा क, काना, वेलांटी, रफार, उकार. पडद्यावर आपल्याला 'क' दिसे, पण फाइलमध्ये नोंद होई ती एखाद्या इंग्रजी अक्षराची किंवा चिन्हाची. शिवाय कोणत्या घरात कोणता तुकडा ठेवायचा, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. म्हणून त्या कंपनीचा फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसे. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी रांगोळी उघडी पडे. मी २००२ साली जे टंकले ते संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतेच. मराठी होती ती फॉन्टमध्ये, आणि फॉन्ट होता कुलपामागे.

युनिकोडने ही रचना पालटली. त्यात जगातील लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला आहे. 'क'चा क्रमांक २३२५, 'म'चा २३५०. फॉन्ट कोणताही असो, यंत्र कोणतेही असो, क्रमांक बदलत नाही. फाइलमध्ये मराठीच नोंदलेली असते. फॉन्ट तिला केवळ कपडे घालतो.

मग जुन्या फाइली एका झटक्यात युनिकोडमध्ये का आणता येत नाहीत? कारण जुन्या फॉन्टमध्ये तुकडे दिसतात त्या क्रमाने ठेवलेले असत, तर युनिकोडमध्ये ते उच्चाराच्या क्रमाने असतात. 'कि' लिहिताना वेलांटी डाव्या बाजूला दिसते, म्हणून जुन्या फाइलीत आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. 'धर्म' या शब्दात जुन्या फाइलीचा क्रम ध, म, रफार. युनिकोडचा क्रम ध, र, हलन्त, म. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक शब्दात ही उलथापालथ करावी लागते, आणि एखादे जोडाक्षर त्याच्या तक्त्यात नसले की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन टळत नाही.

यावर कोणी विचारील की, युनिकोड १९९१ पासून आहे आणि विंडोजमध्ये देवनागरी २००० सालापासून आहे. मग तुम्ही छापखानेवाले जुन्या फॉन्टला का चिकटून राहिलात? आरोप खरा आहे, पण अर्धा. कारण पाने जुळवण्याचे जे महागडे प्रोग्रॅम आम्ही वापरीत होतो, त्यांना पुष्कळ वर्षे युनिकोड मराठी नीट मांडता येत नव्हती. जोडाक्षरे तुटत, वेलांटी भलत्या बाजूला जाई. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय सीएस६ मध्ये आली. आजही नव्या आवृत्तीत 'वर्ल्ड-रेडी' नावाची जुळणी निवडल्याशिवाय मराठी नीट दिसेलच असे नाही. पुष्कळ जण नवी आवृत्ती घेतात, पहिल्याच ओळीत तुटलेले जोडाक्षर पाहतात आणि पैसे पाण्यात गेले असे समजून जुन्याकडे वळतात. दोष एका निवडीचा असतो. पण ती निवड मेनूच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता वर्गणीचा विचार करू. कारण आजच्या तक्रारींत तिचा वाटा मोठा आहे. ॲडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केले की, सीएस६ नंतर खोक्यातला संच निघणार नाही. पुढे सर्व काही महिन्याच्या वर्गणीने. अमेरिकेत पूर्ण संचाची किंमत तेव्हा २,५९९ डॉलर होती. वर्गणी महिन्याला सुमारे ५० डॉलर ठेवली गेली. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पूर्वी अनामत मोठी आणि मुदत बेमुदत होती. आता अनामत नाही, पण भाडे चुकले की दाराला टाळे. लोकलचा पास आपण काढतो. पास संपला तर आपण प्रवास केलेला रस्ता काही पुसला जात नाही. इथे वर्गणी संपली तर मागे केलेल्या कामाची मूळ फाइल उघडणेही अडते.

या व्यवस्थेचे धोके कल्पनेतले नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशामुळे व्हेनेझुएलातील सर्व गिऱ्हाइकांची खाती बंद करण्याची सूचना ॲडोबीने दिली. त्याच महिन्यात परवानगी मिळाल्याने ती मागे घेतली गेली. २०२२ च्या अखेरीस पँटोन रंगांचे बहुतेक संच या प्रोग्रॅमांतून निघाले आणि जुन्या फाइली उघडताच काहींच्या चित्रांतले ते रंग काळे झाले. रंग परत हवे तर वेगळी वर्गणी. २०२३ च्या जानेवारीत 'टाइप १' जातीचे जुने फॉन्ट चालेनासे झाले. आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने याच कंपनीवर दावा लावला, तो असा की 'वार्षिक करार, मासिक हप्ता' या योजनेतून मध्येच बाहेर पडल्यास द्यावे लागणारे शुल्क गिऱ्हाइकाला स्पष्टपणे सांगितले जात नाही.

न्यायाने पाहिले तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रोग्रॅम लिहिणारे शेकडो माणसांचे पथक असते व त्यांचे पगार दरमहा असतात. वर्गणीमुळे नव्या मुलाला थोड्या पैशांत धंदा सुरू करता येतो. एके काळी त्याला एवढी रक्कम उभीच करता आली नसती. मराठीची सुधारणा आली तीही नव्या आवृत्त्यांतूनच. आणि आपल्या गल्लीबोळांत चोरीच्या प्रती किती फिरल्या, हे आपल्याला माहीत आहे. 'क्रॅक' केलेली प्रत वापरणारा स्वतःला चतुर समजतो; पण त्या प्रतीबरोबर विषाणू येतात, दुरुस्त्या येत नाहीत आणि कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमानुसार जाणूनबुजून असा वापर करणे हा कमीत कमी सात दिवसांच्या कैदेचा गुन्हा आहे. चोरी हा परवान्याच्या जाचावरचा उपाय नव्हे.

मग उपाय कोणता? मला अनुभवाने पटलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली : मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवा. पुस्तक कोणत्याही प्रोग्रॅममध्ये जुळवा. पण अखेरचा शुद्ध मजकूर युनिकोडमध्ये साध्या फाइलीत उतरवून ठेवा, चित्रे टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा आणि पानांची पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफवरून पुन्हा छापता येते. साध्या मजकुरावरून पुन्हा जुळवता येते.

दुसरी : घर घेताना जिना पाहतो तसा सॉफ्टवेअर घेताना बाहेर पडण्याचा दरवाजा पाहा. वर्गणी थांबली तर फाइल उघडेल का? दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येईल अशा स्वरूपात ती काढता येते का? किती यंत्रांवर परवाना चालतो? पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर दर काय? मुलगा किंवा मुलगी ॲनिमेशनच्या वा डिझाइनच्या वर्गाला जाते म्हणून हप्त्यावर संगणक घेणाऱ्या आईबापांनी तर हे प्रश्न आधी विचारावेत.

तिसरी : चालू काम हाताशी असताना अपग्रेड करू नका. दिवाळी अंकाच्या किंवा गणपतीच्या हंगामात तर नाहीच. नवी आवृत्ती आली तरी जुनी काढून न टाकता दोन्ही शेजारी ठेवा, जुन्या पाच फाइली नव्यात उघडून पाहा आणि मगच जुनीला निरोप द्या. मूळ प्रतीची सुरक्षित नक्कल काढून ठेवण्याची मुभा कॉपीराइट कायदा कायदेशीर धारकाला देतो. तिचा लाभ घ्या.

चौथी : मुक्त सॉफ्टवेअरची ओळख करून घ्या. चित्रांसाठी गिम्प व इंकस्केप, पानांसाठी स्क्रायबस, लेखनासाठी लिबरऑफिस, हे प्रोग्रॅम फुकट आहेतच. पण फुकटपणाहून मोठी गोष्ट ही की त्यांची घडण सर्वांना खुली आहे व त्यांना कुलूप नाही. स्क्रायबसमध्ये देवनागरीची जोडाक्षरे नीट मांडणारी १.६ ही आवृत्ती २०२४ च्या आरंभी निघाली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' आणि 'बालू' यांसारखे मराठी फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात. हे सारे महागड्या प्रोग्रॅमची जागा आज पूर्णपणे घेतील असे मी म्हणणार नाही. छपाईच्या चार रंगांच्या कामात गिम्प-इंकस्केप अजून तोकडे पडतात, आणि हाताला पडलेली सवय मोडण्यास महिने लागतात. परंतु घराला दुसरा दरवाजा असणे, हेच मुळी बळ आहे. तो असला म्हणजे पहिल्या दरवाज्याच्या मालकाशीही आपण ताठ मानेने बोलू शकतो.

गुरुजींच्या प्रकरणाचे काय झाले, हे सांगून थांबतो. कल्याणच्या माझ्या एका समव्यवसायी स्नेह्याने एक जुना संगणक कापड घालून कोपऱ्यात ठेवला होता. त्याच्या पाठीमागे पंचवीस छिद्रांची जागा शाबूत होती. माझे कुलूप त्यात बसले, प्रोग्रॅम उघडला आणि गुरुजींचे शेवटचे प्रकरण, चौदा पाने, पडद्यावर आले. पहिल्याने आम्ही ते कागदावर छापून घेतले. मग रूपांतर केले. रफार बरेच ठिकाणी भरकटले होते. गुरुजींच्या सुनेने कागदाशी ताडून एकेक जागेवर आणला. पुस्तक वेळेवर निघाले. तो जुना संगणक पुढच्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. तिथली जुनी पिवळी पाने आजही हातात घेऊन कोणालाही वाचता येतात. ती वाचण्यास कोणाचा परवाना लागत नाही. आणि मी २००५ साली टंकलेली चौदा पाने वीस वर्षांच्या आत हातची जाणार होती. तेव्हापासून मी एक नेम केला आहे. काम पुरे झाले की बिलाबरोबर गिऱ्हाइकाला दोन वस्तू देतो : पुस्तकाची पीडीएफ आणि युनिकोडमधला साधा मजकूर. प्रोग्रॅम कोणाचाही असो, मजकूर लेखकाचा आहे. तो त्याच्या घरी असलेला बरा.